जुन्या फ्रीजचा वशट वास आणि ब्लीचचा आग्रह

फ्रीजमधला वास घालवायला व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा वापरावा, असे मी पूर्वी सुचवले होते. त्यावर आपण लिहिता की मालवणातून घेतलेला जुना फ्रीज व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र कालवून आतून पुसला, तरी दोन दिवसांत मासळीचा वास परत आला. त्यामुळे असले घरगुती उपाय भाबडे असून त्यावर ब्लीच ओतण्यावाचून इलाज नाही, असे आपले म्हणणे. आपला अनुभव मी खरा मानतो, निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

समुद्रातली मासळी शिळी होऊ लागली की जीवाणूंमुळे तिच्यात ट्रायमिथाइलअमाइन तयार होते. ते आम्लारिधर्मी असल्याने आंबट पदार्थाशी संयोग होऊन त्याचा क्षार बनतो आणि तो क्षार हवेत उडत नाही; आपल्याकडे बांगड्याला कोकमाचे आगळ किंवा लिंबू चोळतात, त्याचा एक फायदा हाच. सोडा आंबलेल्या दुधाच्या वासावर चांगला चालतो, मासळीवर फारसा नाही. दोन्ही एकत्र केले की फेस भरपूर येतो, पण ती एकमेकांनाच निकामी करतात. म्हणूनच मी ती वेगवेगळी वापरायला सांगितली होती.

तरीही वास परतला याचे खरे कारण मला वेगळे वाटते. फ्रीजच्या आत मागच्या भिंतीशी, तळाला एक बारीक भोक असते. वितळलेल्या बर्फाचे पाणी तिथून नळीने मागच्या बाजूला, कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये उतरते आणि त्याच्या उष्णतेने सुकते. पिशवीतून गळलेले मासळीचे पाणीही याच वाटेने जाते आणि ट्रेच्या कोपऱ्यांत त्याचा तपकिरी, बुळबुळीत थर साचत राहतो. फ्रीज बंद असताना तो जाणवत नाही. कॉम्प्रेसर तापला की स्वयंपाकघरभर वास सुटतो, आणि आपल्या पावसाळ्यातल्या दमट हवेत ट्रेमधले पाणी लवकर सुकतही नाही. प्लग काढून ट्रे आधी साबणाच्या गरम पाण्याने, मग व्हिनेगरने घासावा. तो निघत नसेल तर स्पंजने टिपून घ्यावा. भोकातही कोमट पाणी सोडावे. दाराच्या रबराच्या घड्या बोटाने उलगडून पाहाव्यात, काळी बुरशी तिथेच धरते.

ब्लीचबद्दल मात्र मी ठाम आहे. व्हिनेगर लागलेल्या जागी ब्लीच पडले की क्लोरीन वायू सुटतो, आणि पावसामुळे खिडक्या लावून घेतलेल्या स्वयंपाकघरात तो थेट छातीत जातो. शिवाय ब्लीचने धातू गंजतो. इतर वाचक आपला सल्ला वाचून तसेच करतील, या काळजीपोटी एवढे सविस्तर लिहिले.

आतल्या प्लॅस्टिकला तडा असेल आणि मासळीचे पाणी त्यातून भिंतीतल्या फोममध्ये मुरले असेल, तर मात्र ना व्हिनेगर उपयोगी ना ब्लीच. फ्रीजचा प्लग काढून प्रत्येक तड्याशी नाक नेऊन पाहा. वास तिथूनच येत असेल, तर तो विकणाऱ्याला परत करणेच बरे.