‘बॅशआरसीत एक ओळ टाका, कीबोर्ड लेआउट कायम होईल’: हा सल्ला टिकत नाही

लिनक्स लॅपटॉप रीस्टार्ट केला की कीबोर्ड लेआउट पूर्ववत होतो, अशी तक्रार कुणी केली की ठरलेलं उत्तर मिळतं: ‘सेटएक्सकेबीमॅपची ओळ बॅशआरसीत टाका. तरी टिकलं नाही तर एक्सकेबीची मूळ फाइलच बदला. लिनक्सला कीबोर्ड लक्षातच राहत नाही.’ सेटएक्सकेबीमॅप ही लेआउट बदलणारी कमांड, आणि एक्सकेबी ही लेआउट ठरवणारी यंत्रणा. हा सल्ला इतका पसरलाय की नवखे लोक तो पाळतात, फसतात आणि दोष स्वतःला देतात. म्हणून एकेक विधान तपासायला हवं.

‘बॅशआरसीत टाका.’ ही फाइल बॅश, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्रॅम, वाचतो, आणि तेही सहसा टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडल्यावर. लॉगिन करून थेट ब्राउझर उघडलात तर ती ओळ चालेलच असं नाही. उलट मध्येच मुद्दाम लेआउट बदललात आणि नंतर टर्मिनल उघडलंत, तर तुमचा बदल पुसला जाईल.

‘सेटएक्सकेबीमॅपने सेटिंग होतं.’ होतं, पण फक्त चालू असलेल्या एक्स सर्व्हरपुरतं, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड सांभाळणाऱ्या जुन्या यंत्रणेपुरतं. ही कमांड डिस्कवर काहीच लिहीत नाही. बाहेरचा यूएसबी कीबोर्ड जोडला की त्याला एक्सच्या कॉन्फिगरेशनमधला लेआउट मिळतो, तुम्ही कमांडने दिलेला नव्हे. एक्सच्या जागी आलेल्या वेलँडवर तर ही कमांड एक्सवेलँडपलीकडे (एक्ससाठीची ॲप्स चालवणाऱ्या भागापलीकडे) पोचत नाही, कारण तिथे कीबोर्ड कंपोझिटरच्या, म्हणजे खिडक्या पडद्यावर मांडणाऱ्या प्रोग्रॅमच्या, ताब्यात असतो. लिनक्सच्या प्रकारांपैकी फेडोराने 2016 मध्ये 25व्या आवृत्तीत वेलँड डिफॉल्ट केलं, उबुंटूने 21.04 मध्ये. तरीही एक्सच्या काळातला हा सल्ला तसाच फिरतो आहे.

‘लिनक्सला लक्षात राहत नाही.’ हे सर्वांत चुकीचं. लक्षात राहतं, पण एकाहून अधिक ठिकाणी, आणि शेवटी जो वाचतो त्याचं चालतं. डेबियन आणि उबुंटूवर ईटीसीतल्या डिफॉल्ट फोल्डरात कीबोर्ड नावाची फाइल असते. लेआउट, व्हेरियंट आणि ऑप्शन्स तिच्यात. फेडोरा किंवा आर्चवर लोकेलसीटीएल कमांडने एक्स-इलेव्हनचा (म्हणजे एक्सचा) लेआउट ठरवला की एक्सऑर्गच्या (एक्स सर्व्हरच्या) कॉन्फिगरेशन फोल्डरात त्याची फाइल तयार होते. हे झालं सिस्टिमपुरतं. त्यावर ग्नोम, केडीई, स्वे अशा डेस्कटॉपचं स्वतःचं सेटिंग असतं. ग्नोम इनपुट सोर्सेसची (लेआउट्सची) यादी डीकॉन्फ या सेटिंग्जच्या डेटाबेसमध्ये ठेवतं, केडीई होम फोल्डरातल्या केएक्सकेबीआरसीत, आणि स्वेच्या कॉन्फिगमध्ये इनपुटचा ब्लॉक असतो. सिस्टिमची फाइल नीट बदलूनही लॉगिन स्क्रीनवर नवा लेआउट आणि आत शिरल्यावर जुना, असं होतं ते यामुळेच. अशा वेळी ग्नोमच्या सेटिंग्जमध्ये कीबोर्ड उघडून इनपुट सोर्स बदलायचा. कॅप्स लॉकची कळ कंट्रोल कळ म्हणून वापरायची असेल तर ते एक्सकेबी-ऑप्शन्समध्ये जातं, जीसेटिंग्ज कमांडने किंवा ट्वीक्स ॲपमधून. हे एकदा केलं की रीस्टार्टनंतरही टिकतं.

‘मूळ फाइल बदला.’ कृपा करून नको. यूएसआर-शेअरखालच्या एक्सकेबीच्या फाइली पॅकेजच्या मालकीच्या आहेत. पुढच्या अपडेटला तुमचा बदल जाईल, आणि चूक राहिली तर लेआउटच कंपाइल होणार नाही. स्वतःचा लेआउट बनवायचाच असेल तर वेलँडवर तो होममधल्या कॉन्फिग फोल्डरात एक्सकेबी नावाच्या फोल्डरात ठेवा. वेलँडवर लेआउट वाचणाऱ्या लिबएक्सकेबीकॉमन लायब्ररीत ही सोय आहे. एक्स सर्व्हर मात्र तिथे बघत नाही.

एक गोष्ट या सल्ल्यात कधीच नसते. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर पासफ्रेज विचारला जातो तेव्हा डेस्कटॉप सुरूच झालेला नसतो. तिथला लेआउट इनिटरामएफएसमधून, म्हणजे बूटच्या सुरुवातीला लोड होणाऱ्या छोट्या फाइल सिस्टिममधून, येतो. सिस्टिमचा लेआउट बदलल्यावर डेबियन-उबुंटूवर अपडेट-इनिटरामएफएस, फेडोरावर ड्रॅकट चालवून ती पुन्हा तयार करा. त्यानंतर पहिल्या बूटपासून तो पासफ्रेज नव्या लेआउटने टाइप करावा लागेल. त्यात चिन्हं असतील तर ती नव्या लेआउटमध्ये कुठल्या कळांवर आहेत, हे रीस्टार्टपूर्वीच बघून ठेवा.