चार मिनिटांचा मैल कुणी एकट्याने धावलेला नाही

गेल्या महिन्याभरात हा मेसेज मला तीन ग्रुपांवर आला. आधी सकाळी पळणाऱ्यांच्या, मग नातेवाइकांच्या, मग सोसायटीच्या. परवा तर इथे बडोद्यातच एका बक्षीस समारंभात प्रमुख पाहुण्यांनी तो मोबाइलमध्ये बघून माइकवर वाचून दाखवला. मेसेज थोडक्यात असा:

"१९५४ पर्यंत डॉक्टर म्हणत, माणूस चार मिनिटांच्या आत मैल धावला तर हृदय फुटून मरेल. रॉजर बॅनिस्टर या साध्या विद्यार्थ्याने कोच नसताना, एकट्याने, निव्वळ विश्वासाच्या जोरावर ते करून दाखवलं. आणि चमत्कार बघा! पुढच्या एका वर्षात ३७ जणांनी आणि त्याच्या पुढच्या वर्षी ३०० जणांनी तेच केलं. शरीर तेच, बदललं फक्त मन. अडथळा मनात असतो."

टाळ्या पडल्या. खुर्च्या उचलायची वेळ झाली तेव्हा आमच्या पोलो ग्राउंडवर पळणारा नववीतला एक मुलगा माझ्याजवळ आला. पंधराशे मीटरला तो पाचवा आला होता. शेवटच्या दोनशे मीटरला पाय दगडासारखे झाले आणि दोघे त्याला मागे टाकून गेले, ते मी काठावरून बघितलं होतं. तो म्हणाला, "ताई, म्हणजे माझा विश्वासच कमी पडला का?"

हा प्रश्न मला झोंबला. म्हणून हे लिहिते आहे.

आधी आकडे घेते, कारण ते सगळ्यांत लवकर निकालात निघतात. बॅनिस्टर धावला ६ मे १९५४ रोजी, ३ मिनिटे ५९.४ सेकंदांत. पुढच्या ३६५ दिवसांत चार मिनिटांच्या आत मैल धावणारा नवा माणूस एकच निघाला: ऑस्ट्रेलियाचा जॉन लँडी. बॅनिस्टरनंतर ४६ दिवसांनी, २१ जूनला, फिनलंडमधल्या तुर्कूला तो ३:५८.० ची नोंद करून गेला. त्यानंतर २८ मे १९५५ रोजी लंडनच्या व्हाइट सिटी मैदानावर एकाच शर्यतीत तिघे आत आले: हंगेरीचा लास्लो ताबोरी आणि इंग्लंडचे ख्रिस चॅटावे व ब्रायन ह्यूसन. मग ५ मे १९५६ रोजी लॉस एंजेलिसला जिम बेली. म्हणजे पहिल्या दोन वर्षांत, स्वतः बॅनिस्टरला धरून, एकूण सहा. मेसेजमधले तीनशे सदतीस कुठे आणि सहा कुठे! तो दरवाजा उघडल्यावर झुंडच्या झुंड आत घुसली, ही गोष्टच घडलेली नाही.

दुसरा मुद्दा हृदय फुटण्याचा. असं म्हणणाऱ्या डॉक्टरचं नाव मेसेजमध्ये नाही. मला आलेल्या एकाही आवृत्तीत नाही. साधा हिशेब करून बघू. १९४५ मध्ये स्वीडनच्या गुंडर हेगने मैल ४ मिनिटे १.४ सेकंदांत धावून दाखवला होता. चार मिनिटांच्या आत यायला उरला दीड सेकंद. त्या वेगाने दीड सेकंद म्हणजे सुमारे दहा मीटर. सोळाशे मीटर धावून ठणठणीत राहिलेला माणूस पुढच्या दहा मीटरमध्ये मरेल, असं शरीरशास्त्र जाणणारा कोण म्हणेल? आणि शरीरशास्त्र जाणणारा तर खुद्द बॅनिस्टरच होता. लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये तो डॉक्टरकी शिकत होता. त्याआधी ऑक्सफर्डला त्याने माणसांना ट्रेडमिलवर पळवून, जास्त ऑक्सिजनची हवा देऊन, श्वासावर आणि दमावर काय परिणाम होतो याचा अभ्यास केला होता. स्वतःही तो त्या ट्रेडमिलवर पळाला.

मग नऊ वर्षं विक्रम का अडला? त्याची कारणं मनात शोधायची गरज नाही. युद्धाच्या काळात स्वीडन तटस्थ होता, तिथली मैदानं चालू होती. हेग आणि आर्ने अँडरसन हे दोघे एकमेकांना ढकलत राहिले आणि १९४२ ते १९४५ या काळात त्यांनी विक्रम ४:०६ च्या पुढून ४:०१.४ वर आणला. तालमीत ज्याला आपण जोड म्हणतो, तशी ती जोड होती. मग पैसे घेतल्याच्या ठपक्यावरून दोघांनाही हौशी स्पर्धांतून बाद केलं गेलं. उरलेला युरोप युद्धातून नुकता बाहेर पडत होता. जोड गेली, विक्रम थांबला.

एक गोष्ट मात्र मान्य करते. वर्तमानपत्रांनी या चार मिनिटांचा एव्हरेस्ट करून ठेवला होता, आणि बॅनिस्टरनेही म्हातारपणी त्याला मानसिक अडसर म्हटलं होतं. दडपण होतंच. पण त्याच दमात तो हेही सांगे की शरीराला ते अशक्य नव्हतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मेसेजने पहिला अर्धा भाग उचलला आणि दुसरा टाकून दिला.

आता "एकट्याने" आणि "कोच नसताना". माझा खरा राग या दोन शब्दांवर आहे, कारण यांच्यामुळे अख्खा क्लब गोष्टीतून पुसला गेला आहे.

त्या क्लबचं नाव अकिलीस. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन विद्यापीठांच्या आजी-माजी धावपटूंनी १९२० मध्ये तो काढला. दार सगळ्यांना उघडं नव्हतं, हे स्पष्ट सांगायला हवं. या दोन विद्यापीठांतून आलेल्यालाच आत जागा. तेव्हा "साधा विद्यार्थी" ही प्रतिमाही तितकीशी खरी नाही. पण त्या दाराच्या आत जे साठत गेलं ते बघण्यासारखं आहे. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला शंभर मीटरचं सुवर्ण हॅरल्ड अब्राहम्सने आणि आठशेचं डग्लस लोने आणलं. लोने चार वर्षांनी तेच पुन्हा जिंकलं. न्यूझीलंडहून ऑक्सफर्डला शिकायला आलेला जॅक लव्हलॉक १९३३ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टनला मैलाचा जागतिक विक्रम करून आला, ४:०७.६ चा, आणि १९३६ ला बर्लिनमध्ये पंधराशेचं सुवर्ण जिंकला. तोही डॉक्टर, तोही सेंट मेरीजचा. म्हणजे बॅनिस्टर ज्या हॉस्पिटलच्या जिन्यावरून चढत-उतरत होता, तिथून मैलाचा एक विश्वविक्रमवीर आधीच होऊन गेला होता.

बॅनिस्टर बराच काळ कोचला नाही म्हणत असे, हे खरं. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये तो पंधराशेला चौथा आला. पुढच्या वर्षी, २७ जून १९५३ रोजी, मॉट्स्पर पार्कच्या मैदानावर शाळकरी मुलांच्या स्पर्धेत मध्येच त्याच्यासाठी एक शर्यत घुसवली गेली. त्यात केंब्रिजचा ख्रिस ब्रॅशर मुद्दाम रमतगमत धावला, बॅनिस्टरने त्याला एक फेरी मागे टाकलं, आणि मग ताज्या दमाचा ब्रॅशर त्याला पुढे ओढायला लागला. वेळ आली ४:०२.०. ब्रिटिश संघटनेने ती विक्रम म्हणून मान्य केली नाही: ही खरी शर्यतच नव्हे, असं त्यांचं म्हणणं. मला तो निर्णय बरोबर वाटतो. पण त्यातून दिसतं काय? जवळजवळ वर्षभर आधीपासून ही माणसं मिळून योजना आखत होती.

त्या हिवाळ्यात ब्रॅशर आणि ऑक्सफर्डचा चॅटावे बॅनिस्टरला फ्रान्झ स्टाम्फल या ऑस्ट्रियन कोचकडे घेऊन गेले. कोच होता, नावानिशी होता. व्यायाम ठरला: ४४० यार्डांच्या, म्हणजे पाव मैलाच्या, दहा फेऱ्या, मध्ये थोडी विश्रांती. सुरुवात प्रत्येकी ६६ सेकंदांची. महिन्यामहिन्याने वेळ खाली येत ६१ वर आली आणि अडकली. काही केल्या ६० फुटेना. तेव्हा बॅनिस्टर आणि ब्रॅशर सगळं सोडून स्कॉटलंडला डोंगर चढायला निघून गेले, परत येऊन धावले, तर ५९. मैदानावर उभं राहून पोरांना रिपीटेशन मारायला लावणाऱ्या कुणालाही यातला एकेक सेकंद कळेल.

६ मेला ऑक्सफर्डमधल्या इफ्ली रोडच्या सिंडर ट्रॅकवर (कोळशाच्या राखेच्या धावपट्टीवर) वारा होता. बॅनिस्टरने सकाळी हॉस्पिटलमध्ये काम केलं, प्रयोगशाळेतल्या सहाणेवर स्पाइक्सना (बुटांच्या खिळ्यांना) धार लावली आणि गाडी पकडली. गाडीत स्टाम्फल भेटला. आज धावावं की नाही यावर दोघांचं बोलणं झालं. शर्यतीत ब्रॅशर पुढे, त्याच्यामागे बॅनिस्टर, त्याच्यामागे चॅटावे. पहिल्या फेरीत बॅनिस्टर मागून "जोरात!" म्हणून ओरडला, पण ब्रॅशरने आपली लय सोडली नाही. बरं झालं, कारण ती फेरी ५७.५ ची होती. अर्धा मैल १:५८.२ ला. अडीच फेऱ्यांच्या सुमारास ब्रॅशरचा दम संपत आला तसा चॅटावे पुढे सरकला. तीन फेऱ्या झाल्या तेव्हा घड्याळात ३:००.५. सुमारे अडीचशे मीटर उरले असताना बॅनिस्टर चॅटावेच्या बाजूने निघाला. शेवटची फेरी ५८.९. काठावर घड्याळ धरून उभ्या असलेल्या टाइमकीपरांत एक होता तोच हॅरल्ड अब्राहम्स, तीस वर्षांपूर्वीचा सुवर्णविजेता. पुढे धावणारे दोघे अकिलीसचे, धावणारा अकिलीसचा, घड्याळही अकिलीसच्या माणसाच्या हातात. याला "एकट्याने" म्हणायचं?

वाऱ्यात पुढे धावणं आणि कुणाच्या तरी पाठीमागे धावणं यात काय फरक असतो, हे राजवाड्याच्या बाजूने वारा येतो त्या दिवशी पोलो ग्राउंडवर या, मी दाखवते.

मेसेजमध्ये ज्याचं नावही नाही त्या चॅटावेकडे जरा बघा. बॅनिस्टरला तिसऱ्या फेरीत त्याने ओढलं. सहा आठवड्यांनी तुर्कूला लँडीच्या शर्यतीत तोच होता. त्याने लँडीला शेवटच्या फेरीपर्यंत स्वस्थ बसू दिलं नाही. त्याआधी लँडी ४:०२ च्या आसपास येऊन पुन्हापुन्हा अडकला होता, बहुतेक वेळा सगळ्यांच्या खूप पुढे, एकटाच धावत. त्याला पाठीमागून पावलांचा आवाज हवा होता, तो चॅटावेने दिला. आणि व्हाइट सिटीला तो स्वतः ३:५९.८ मध्ये आत आला. कुणी नवा माणूस चार मिनिटांच्या आत आला, अशा पहिल्या तिन्ही शर्यतींत तो आहे. व्हाइट सिटीला पहिला आलेला ताबोरीही एकटा उगवलेला नव्हता. बुडापेस्टच्या होनवेद या लष्करी क्लबात मिहाय इग्लोई या कोचच्या हाताखाली तो आणि त्याचे साथीदार रोज एकमेकांना घासून धावत. ह्यूसन मात्र अकिलीसचा नव्हता, हेही नोंदवते.

राहिला शेवटचा दावा, अडथळा फक्त मनात असतो हा. २६ जून २०२५ रोजी केनियाच्या फेथ किपयेगॉनने पॅरिसमध्ये चार मिनिटांच्या आत मैल धावण्याचा प्रयत्न केला. तीन ऑलिंपिकची पंधराशेची विजेती, महिलांचा मैलाचा विक्रम तिच्याच नावावर. दिमतीला तेरा पेसर, म्हणजे सोबत धावून वेग धरून देणारे, खास बनवलेले कपडे, खास स्पाइक्स. साऱ्या जगाने तिच्यावर विश्वास ठेवला, तिने स्वतःवर ठेवला. वेळ आली ४:०६.४२. ही धाव अफाट होती. आता कुणी उठून तिला सांगावं का, बाई, तुझं मन कमी पडलं?

आपल्याकडचं उदाहरण घ्या. तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळ्यांच्या शर्यतीत) गोपाळ सैनींचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम ३७ वर्षं उभा होता. २०१८ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने तो भुवनेश्वरला मोडला. मेसेजच्या हिशेबाने पुढच्या वर्षी तीन डझन पोरं त्या वेळेच्या आत यायला हवी होती. प्रत्यक्षात तो विक्रम पुढे पुन्हापुन्हा मोडला तो साबळेनेच. त्याला सैन्यात कोच मिळाला, ट्रॅक मिळाला, सोबत पळणारे मिळाले. गावोगावच्या बाकीच्या पोरांना ते मिळालं नाही. हा फरक मनाचा नाही.

इथे बडोद्याच्या दांडिया बाजारात व्यायामगुरू माणिकरावांनी नावारूपाला आणलेली तालीम त्यांच्या स्वतःच्या नावाने ओळखली जात नाही, त्यांच्या उस्तादांच्या, जुम्मादादांच्या नावाने ओळखली जाते. त्या गल्लीत वाढलेल्या माणसांना, जोडीशिवाय आणि उस्तादाशिवाय कुणी तयार होत नाही, हे मी काय वेगळं सांगणार? म्हणून तो मेसेज आमच्याच लोकांनी पुढे ढकलला याचं मला जास्त वाईट वाटलं.

त्या मुलाला मी त्याची वही उघडायला सांगितली. आठवड्यातले पाच दिवस तो एकटाच पळत होता, कारण त्याची शिकवणी सकाळी सातला असते आणि बाकीची मुलं सातला येतात. चारशेच्या फेऱ्या लिहिलेल्या होत्या: ७२, ७३, ७६, ८१. सगळ्या एकट्याने, पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही. मी कॉलेजातल्या दोन मोठ्या मुलांशी बोलले. मंगळवार आणि शुक्रवार ते पावणेसहाला यायला तयार झाले आहेत. एक जण पहिल्या दोन फेऱ्या पुढे धावेल, दुसरा तिसरी. घड्याळ मी धरणार आहे. शिकवणीच्या सरांना विचारून शनिवारची वेळ बदलता येते का, ते त्याची आई बघते आहे.