चाचणीतले शेतकरी आणि न सांगता येणारा पासवर्ड: तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार दादा,

एक तारा देऊन तुम्ही तीन तक्रारी लिहिल्यात. केळी खरेदीच्या सॉफ्टवेअरच्या चाचणीत सगळे शेतकरी बनावट होते. मुनीमजींनी थेट डेटाबेसच्या टेबलमध्ये भरलेल्या युजरचं लॉगिन झालं नाही. आणि आमच्या प्रोग्रामर मुलांना आपल्याच सिस्टिममधला पासवर्ड सांगता आला नाही. तिन्ही गोष्टी घडल्या, आणि त्या तशाच घडायला हव्या होत्या.

पासवर्डच्या रकान्यात जी साठ अगम्य अक्षरं दिसतात, तो हॅश, म्हणजे पासवर्डवरून काढलेला, उलट न फिरवता येणारा ठसा. तो काढणाऱ्या पद्धतीचं नाव बीक्रिप्ट. त्यावरून मूळ पासवर्ड काढून देणारी किल्ली आमच्याकडे नाही, कुणाकडेच नसते. लॉगिन करताना टाइप केलेला पासवर्ड त्याच सॉल्टसह (प्रत्येक पासवर्डमध्ये मिसळलेली वेगळी यादृच्छिक अक्षरं) पुन्हा त्याच प्रक्रियेतून जातो आणि उत्तर जुळलं तरच दार उघडतं. मुनीमजींनी रकान्यात थेट साधा पासवर्ड लिहिला. सिस्टिम त्यालाच हॅश समजली. जुळणार कसं? २०१३ मध्ये अ‍ॅडोबी या सॉफ्टवेअर कंपनीच्या कोट्यवधी खात्यांची माहिती बाहेर पडली. तिथे पासवर्ड एन्क्रिप्ट केलेले, म्हणजे किल्लीने कुलूपबंद केलेले होते, पण सॉल्ट नसल्याने सारखे पासवर्ड सारखेच दिसत होते, आणि शेजारी पासवर्ड आठवण्यासाठी लिहिलेल्या हिंट उघड्या होत्या. लोकांनी ते भराभर ओळखले. तुमच्या खातेदारांवर ती वेळ यावी असं मला वाटत नाही.

म्हणून चाचणीचे युजरही आम्ही हाताने भरत नाही. सीडर नावाची छोटी स्क्रिप्ट ते बनवते आणि पासवर्ड खऱ्या युजरसारखाच हॅश करून ठेवते. बीक्रिप्ट मुद्दाम संथ ठेवलेलं आहे, म्हणून एकदाच हॅश काढून तोच सगळ्या चाचणी युजरना देतो. लाइव्ह सर्व्हरवर, म्हणजे जिथे खरा व्यवहार चालतो तिथे, ही स्क्रिप्ट चालतच नाही, तशी अट तिच्यातच आहे.

आता बनावट शेतकऱ्यांबद्दल. रावेर, यावल, सावदा या भागात एकाच गावात एकाच नावाचे दोन पाटील सहज सापडतात, वडिलांचं नावसुद्धा सारखं. एकाची हिशेबपट्टी दुसऱ्याच्या खात्यात गेली तर काय होतं, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. अशा जोड्या आम्ही मुद्दाम घातल्या होत्या. ईमेल सगळे एक्झाम्पल डॉट कॉमचे होते. ते नाव अशाच वापरासाठी राखून ठेवलेलं आहे, तिथे पाठवलेलं पत्र कुणालाच पोहोचत नाही. तुमची खरी यादी वापरली असती आणि चाचणीत 'पैसे जमा झाले' असा एसएमएस सुटला असता, तर दुसऱ्या दिवशी शेतकरी तुमच्या गादीवर आले असते. शिवाय मोबाईल आणि बँक खाते क्रमांक त्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवून दिलेत, आमच्या मुलांच्या लॅपटॉपवर फिरण्यासाठी नाही.

मुनीमजींना 'नवा युजर' या स्क्रीनवरून खातं उघडता येईल. पासवर्ड विसरला तर ॲडमिन नवा ठेवून देईल. खरी यादी आम्ही लाइव्हच्या दिवशी तुमच्या ऑफिसात, तुमच्यासमोर चढवू. तोवर ती व्हॉट्सअ‍ॅपवर कुणालाही पाठवू नका, आम्हालाही नाही.

— संचालक, जळगाव