फिरकी गोलंदाज निवडताना घ्यावयाची काळजी

उद्या भारताचा कसोटी संघ निवडण्याची जबाबदारी आपल्यावर आलीच आणि दोन फिरकी गोलंदाजांपैकी एकाला वगळण्याचा प्रसंग ओढवला, तर कोण किती बळी मिळवतो या क्षुल्लक चौकशीत आपण वेळ दवडू नये. प्रथम दोघांच्या फलंदाजीचे आकडे मागवावेत. परदेशात जो अधिक धावा काढतो तोच अधिक चांगला गोलंदाज, हे आपले रुळलेले तत्त्व आहे आणि २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात फिरकी गोलंदाज कुलदीप यादव पाचही कसोट्या बाहेर बसला तो या तत्त्वाच्या रक्षणासाठीच. कोणी शंका काढल्यास मँचेस्टरला रवींद्र जडेजा आणि वॉशिंग्टन सुंदर यांनी नाबाद शतके ठोकून सामना वाचवला, हे ठणकावून सांगावे; सामना वाचवण्याची वेळ इंग्लंडने आधी ६६९ धावा केल्यामुळे आली होती, हा तपशील आपण होऊन सांगण्याचे कारण नाही.

नाणेफेकीच्या सकाळी आकाशाकडेही पाहावे. जून २०२३ मध्ये ओव्हलवर कसोटी अजिंक्यपदाचा अंतिम सामना होता, ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या सात फलंदाजांत चार डावखुरे होते आणि डावखुऱ्यांचा कर्दनकाळ असलेला ऑफस्पिनर रविचंद्रन अश्विन त्या वेळी कसोटी गोलंदाजांच्या क्रमवारीत पहिला होता. पण आकाशात ढग होते, म्हणजे हवा वेगवान गोलंदाजांची. आपण अश्विनला वगळून चार वेगवान गोलंदाज खेळवले, ऊन पडले, डावखुऱ्या ट्रॅव्हिस हेडने १६३ धावा काढल्या आणि आपण २०९ धावांनी हरलो. त्यांच्या नेथन लायनने, म्हणजे एका ऑफस्पिनरनेच, आपल्या दुसऱ्या डावात चार बळी घेतले, ही त्याची अरसिकता म्हणावी लागेल.

चांगली कामगिरी करणाऱ्या गोलंदाजापासून विशेष सावध असावे. डिसेंबर २०२२ मध्ये कुलदीपने चट्टोग्रामच्या कसोटीत आठ बळी घेतले, वर चाळीस धावाही केल्या आणि तो सामनावीर ठरला. अशा माणसाला वेळीच आवरले नाही तर त्याला दर सामन्यात खेळण्याची चटक लागते. म्हणून मीरपूरच्या पुढच्याच कसोटीत त्याला वगळून वेगवान गोलंदाज जयदेव उनाडकटला घेण्यात आले, जो आपली आधीची एकमेव कसोटी २०१० मध्ये खेळला होता. बारा वर्षे वाट पाहणाऱ्याला न्याय मिळाला आणि बळी घेणाऱ्याला विश्रांती. (फलंदाजी येत असूनही कुलदीप वगळला गेला, याचा अर्थ आमचे पहिले तत्त्व चुकीचे ठरते असा कृपया काढू नये. तत्त्वे परिस्थितीनुसार लावायची असतात.)

निर्णय घेणे फारच जड जात असेल, तर पाळी लावून द्यावी. २०२४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात पर्थला सुंदर, ॲडलेडला अश्विन आणि ब्रिस्बेनला जडेजा खेळला. ब्रिस्बेनची कसोटी संपताच ५३७ बळींचा धनी असलेल्या अश्विनने मालिकेच्या मध्यावरच निवृत्ती जाहीर केली, त्यामुळे पुढील निवड बरीच सोपी झाली.

वगळलेल्यांचे काय, ही रुखरुख मनाला लावून घेऊ नये. दादरच्या शिवाजी पार्कवर घडलेल्या पद्माकर शिवलकरांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले आणि १९७३ च्या रणजी अंतिम सामन्यात अवघ्या १६ धावांत आठ गडी टिपून तमिळनाडूला गुंडाळले. हरियाणाच्या राजिंदर गोयलांनी तर प्रथम श्रेणीत ७५० बळी घेतले. दोघेही डावखुरे फिरकी गोलंदाज आणि समोर त्याच पद्धतीचे, संघात पक्के असलेले बिशनसिंग बेदी, तेव्हा अडचण खरी होती; पण १९७४ मध्ये बंगळूरच्या कसोटीत शिस्तभंगापायी बेदींना वगळले, तेव्हाही गोयल खेळले नाहीत. दोघांच्याही नावावर एकही कसोटी नाही. तरी क्रिकेट मंडळ कृतघ्न नाही, २०१७ मध्ये त्याने दोघांना कर्नल सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. आपणही वगळलेल्या गोलंदाजाचा पत्ता नीट जपून ठेवावा. चाळीसेक वर्षांनी निमंत्रणपत्रिका पाठवताना तो लागतो.