जपानचा दाखला देताना

महाराष्ट्रात भाषेचा वाद पेटला की जपानचं नाव हमखास निघतं. 2025 च्या जूनमध्ये पहिलीपासूनच्या हिंदीचे शासन निर्णय सरकारला मागे घ्यावे लागले, तेव्हाही निघालं. एक बाजू म्हणते, इंग्रजीवाचून जपानचं काय अडलं? दुसरी म्हणते, जपान्यांना इंग्रजी येत नाही म्हणूनच तो देश मागे पडतोय. मी तोक्योत राहते, माझी मुलगी इथल्या सरकारी शाळेत शिकते, आणि घरच्या ग्रुपवर हे दोन्ही दाखले वाचले की मला गप्प बसवत नाही. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला इंग्रजी किती यावं, ते कोणी तपासावं आणि तपासल्यावर पुढे काय करावं, यावर हा देश किमान पन्नास वर्षं भांडतो आहे. दाखला द्यायचाच तर त्या भांडणाचा द्यावा.

जपानमध्ये दरवर्षी जानेवारीच्या मध्यावर, शनिवार-रविवारी, विद्यापीठ प्रवेशाची सामाईक परीक्षा होते. साधारण पाच लाख मुलं अर्ज भरतात. परकी भाषा म्हणून जर्मन, फ्रेंच, चिनी किंवा कोरियन घ्यायची सोय आहे, पण जवळजवळ सगळी मुलं इंग्रजीच घेतात. डॉक्टरकी, इंजिनियरिंग, कायदा हे सगळं इथे जपानीतून शिकवतात, ते खरंच आहे. पण सरकारी विद्यापीठाच्या वर्गात शिरायचं तर इंग्रजीचा पेपर सहसा चुकत नाही. 2021 पासून त्यात वाचनाला 100 गुण आहेत आणि ऐकण्याला 100. तेव्हा इंग्रजीवाचून चालतं असं म्हणणाऱ्यांनी निदान जानेवारीतला तो शनिवार लक्षात घ्यावा.

ऐकण्याची परीक्षा कशी घेतात, हे जरा सविस्तर सांगते, कारण मला त्याचं मोल वाटतं. ती 2006 साली सुरू झाली. प्रत्येक मुलाला तळहातात मावेल एवढं एक यंत्र आणि इयरफोन देतात. आधी आवाज नीट येतो की नाही ते तपासायचं, मग पर्यवेक्षक सांगतील तेव्हा सगळ्यांनी एकदम बटण दाबायचं. मागच्या बाकावर बसला म्हणून कोणाला कमी ऐकू येत नाही, आणि स्पीकर खरखरतो म्हणून एखाद्या केंद्रावरच्या मुलांचं नुकसान होत नाही. तरीही यंत्र बिघडलंच तर हात वर करायचा, म्हणजे त्या मुलाची परीक्षा त्याच दिवशी पुन्हा घेतली जाते. अशी किती मुलं निघाली, हे दरवर्षी वर्तमानपत्रांत छापून येतं. बर्फामुळे गाड्या खोळंबल्या तर त्या केंद्रावरचा पेपर उशिरा सुरू होतो. सगळ्या देशातल्या मुलांना तोच आवाज, तेवढाच वेळ मिळावा, यासाठी केवढा हा आटापिटा!

पण याच काटेकोरपणाने इथलं इंग्रजी मुकं केलं, हेही सांगायला हवं. 2020 पर्यंतच्या जुन्या परीक्षेत उच्चाराचा प्रश्न असायचा तो कागदावर. चार शब्दांपैकी कोणत्या शब्दातल्या अधोरेखित अक्षराचा उच्चार वेगळा आहे, ते ओळखून गोल काळा करायचा. तोंडातून अक्षरही न काढता मुलं त्यात पैकीच्या पैकी गुण मिळवत. आमच्या शेजारचा मुलगा बारावीच्या वर्षाला आहे. त्याच्या शब्दसंग्रहाच्या पुस्तकात अर्थ लाल शाईत छापलेले आहेत आणि सोबत पारदर्शक लाल प्लॅस्टिकचा तुकडा मिळतो. तो पानावर ठेवला की लाल अक्षरं गायब होतात, म्हणजे स्वतःची उजळणी स्वतःच घ्यायची. ट्रेनमध्ये अशी घोकंपट्टी करणारी मुलं रोज दिसतात. या मुलाने हजारो शब्द पाठ केले आहेत. जिन्यात भेटला की मी इंग्रजीत विचारते, अभ्यास कसा चाललाय, तेव्हा तो हसून मान हलवतो आणि उत्तर जपानीत देतो. हुशार, कष्टाळू मुलगा आहे. त्याला बोलायला कुणी लावलंच नाही, एवढंच.

हे इथल्या लोकांना कळत नाही असं नाही. 1974 मध्येच हिराइझुमी वातारू नावाच्या खासदाराने सुचवलं होतं की विद्यापीठ प्रवेशातून इंग्रजी काढून टाका आणि देशातल्या साधारण पाच टक्के लोकांना ती खरोखर वापरता येईल अशी शिकवा. वातानाबे शोइची या प्राध्यापकांनी त्याला कडाडून विरोध केला. त्यांच्या मते परकी भाषेचं व्याकरण उलगडताना मुलाच्या बुद्धीला जी धार येते, तोच शाळेतल्या इंग्रजीचा खरा लाभ. तो वाद अजून मिटलेला नाही.

तो मिटवायचा मोठा प्रयत्न 2019 मध्ये झाला आणि फसला. सरकारने ठरवलं होतं की वाचणं, ऐकणं, बोलणं, लिहिणं अशी चारही कौशल्यं तपासायची. पाच लाख मुलांची तोंडी परीक्षा सरकारी यंत्रणेला झेपणार नव्हती, म्हणून ते काम एइकेन, टोफेल, आयईएल्टीएस, जीटेक अशा बाहेरच्या परीक्षांवर सोपवलं. मुलाने शाळेच्या शेवटच्या वर्षी यांतली कोणतीही परीक्षा जास्तीत जास्त दोनदा द्यायची, आणि गुण एका समान पट्टीवर बसवून विद्यापीठांकडे जायचे. कागदावर योजना छान होती. पण शुल्क साधारण सहा हजार येनपासून पंचवीस हजार येनपर्यंत. मोठ्या शहरात परीक्षा केंद्रं जवळ, तर दूरच्या बेटांवरच्या मुलांना बोटीचा प्रवास आणि मुक्कामाचा खर्च. शिवाय परदेशी विद्यापीठासाठी तयार केलेली परीक्षा आणि शाळकरी मुलांसाठी तयार केलेली परीक्षा एकाच मापाने कशी मोजायची, याचं धड उत्तर कोणाकडेच नव्हतं. टोइक ही अशीच एक परीक्षा तर जुलैमध्येच योजनेतून बाहेर पडली. ऑक्टोबरमध्ये शिक्षणमंत्री हागिउदा कोइची यांना टीव्हीवर विचारलं की पैसेवाल्यांची मुलं सराव म्हणून जास्त वेळा परीक्षा देतील, त्याचं काय? त्यांच्या उत्तराचा मथितार्थ असा की मुलांनी अंथरूण पाहून पाय पसरावेत. देश खवळला. मंत्र्यांनी माफी मागितली आणि 1 नोव्हेंबरला योजना पुढे ढकलली. परीक्षेसाठी लागणाऱ्या ओळख क्रमांकाचे अर्ज नेमके त्याच दिवशी सुरू व्हायचे होते. 2021 मध्ये ती कायमची सोडून दिली.

मला तो निर्णय बरोबर वाटतो. त्याची किंमत मी रोज ऑफिसात बघते. इंग्रजी करारनाम्यातली बारीकशी चूक शोधणारे सहकारी परदेशी ग्राहकासमोर तोंड उघडत नाहीत. तरीही, ज्या परीक्षेचा निकाल बापाच्या खिशावर आणि घराच्या पत्त्यावर ठरणार, ती मुलाच्या भवितव्याला जोडू नये. न मोजलेलं कौशल्य उद्या शिकवता येतं, पण एकदा हुकलेला प्रवेश परत मिळत नाही.

योगायोग असा की 2019 मध्येच आपल्याकडे दहावीच्या भाषा विषयांचे शाळेने द्यायचे 20 गुण काढून टाकले होते. निकाल 89.41 वरून 77.10 टक्क्यांवर घसरला. ओरड झाली आणि पुढच्या वर्षापासून ते गुण परत आले. तो सगळा काळ मी इथून बातम्या वाचत होते. चर्चा टक्केवारीची आणि अकरावीच्या कटऑफची होती. तोंडी परीक्षेत मूल खरंच दोन वाक्यं बोलतं का, की नुसते गुण भरले जातात, हा प्रश्न मला फारसा कुठे दिसला नाही.

आणि आपल्याकडे तर हा प्रश्न जास्त तातडीचा आहे. जपानी मुलगा इंग्रजीत कच्चा राहिला तरी भौतिकशास्त्र त्याला त्याच्या भाषेत मिळतं. मराठी शाळेतून दहावी झालेली मुलगी अकरावी विज्ञानाला गेली की सुरुवातीलाच तिच्यापुढे बल, वेग, त्वरण सगळं इंग्रजीत येतं. तिला विषय कळत नाही की भाषा, हे तिलाही सांगता येत नाही. 2000 साली आपण पहिलीपासून इंग्रजी सुरू केलं, म्हणजे ही मुलगी दहा वर्षं इंग्रजी शिकून आली आहे. ‘जपान बघा’ म्हणणाऱ्यांनी तिच्यासाठी आधी मराठीतून विज्ञानाची दर्जेदार पुस्तकं उभी करावीत. जपानने ती केली आहेत.

इथला ताजा वाद मला त्या मुलीच्या जास्त जवळचा वाटतो. जपानमध्ये मुलं कमी झाली, त्यामुळे निम्म्याहून अधिक खाजगी विद्यापीठांच्या जागा भरत नाहीत. बरीच मुलं शिफारशीवर, लेखी परीक्षेशिवाय आत येतात. एप्रिल 2025 मध्ये अर्थमंत्रालयाने बोट दाखवलं की काही अनुदानित खाजगी विद्यापीठांत बेरीज-वजाबाकी आणि इंग्रजीतलं ॲम-इज-आर शिकवतात, अशांच्या अनुदानाचा फेरविचार व्हावा. ऐकायला रास्त वाटतं. मला ते पटत नाही. अठरा वर्षांच्या मुलाला ॲम-इज-आर येत नसेल तर ती माध्यमिक शाळेच्या सहा वर्षांची चूक आहे, आणि कुठेतरी कोणीतरी ते शिकवायलाच हवं. जो शिकवतो त्याचेच पैसे कापायचे?

इथल्या पुष्कळ विद्यापीठांत एक साधी पद्धत आहे. प्रवेश झाल्यावर, एप्रिलच्या सुरुवातीला इंग्रजीची चाचणी घेतात आणि तिच्यावरून मुलांचे गट पाडतात. त्या चाचणीने कोणाचा प्रवेश रद्द होत नाही. कोणाला कुठून शिकवायला सुरुवात करायची, एवढंच तिच्यातून ठरतं. पायाभूत इंग्रजीची परीक्षा मला अशी हवी आहे, आणि ती महाराष्ट्रातल्या प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीच्या पहिल्या आठवड्यात व्हावी असं मनापासून वाटतं: दहा मिनिटं ऐकणं, एक परिच्छेद वाचणं, पाच वाक्यं लिहिणं आणि शिक्षकांशी दोन मिनिटं बोलणं. गुण गुणपत्रिकेवर यायला नकोत. ज्यांना गरज आहे त्यांना पहिलं सत्र रोज एक तास इंग्रजी मिळावी, भौतिकशास्त्राच्या नि रसायनशास्त्राच्या पुस्तकातलीच वाक्यं घेऊन. त्यासाठी शे-सव्वाशे मुलांची तुकडी चालणार नाही, आणि तासिका तत्त्वावर चार महिन्यांसाठी नेमलेल्या, पगाराची वाट बघणाऱ्या शिक्षकांच्या भरवशावरही ते होणार नाही. रिकाम्या जागा आधी भराव्या लागतील.