‘१९९० नंतर रॉक संपलं’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या सावंतवाडीच्या मित्रांच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: ‘रॉक रेडिओवर तीच ती जुनी गाणी लागतात, कारण १९९० नंतर चांगलं रॉक झालंच नाही. लोकांना नवं नको असतं, आणि गाणी आता कॉम्प्युटरच निवडतो.’ आरोंद्याच्या पुढे गाडीत गोव्याची स्टेशनं लागायची, तेव्हापासून मी ही गाणी ऐकतोय. आता मोबाइलवर परदेशातली स्टेशनं ऐकतो. मला यातलं जवळजवळ काहीच पटलेलं नाही.

‘१९९० नंतर चांगलं झालंच नाही.’ अमेरिकन रॉक बँड निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम १९९१ चा. त्यातली गाणी आज क्लासिक रॉक, म्हणजे जुनं रॉक वाजवणाऱ्या स्टेशनांवर लागतात. म्हणजे ‘क्लासिक’ची हद्द दरवर्षी पुढे सरकते आहे.

‘लोकांना नवं नको असतं.’ हा मुद्दा खरा वाटतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. अमेरिकेतली रॉक स्टेशनं वर्षानुवर्षं श्रोत्यांना फोनवर गाण्याचा काही सेकंदांचा तुकडा ऐकवून मत विचारत आली. हजारदा ऐकलेलं गाणं तेवढ्यात ओळखू येतं, परवा आलेलं कसं येणार? अशा चाचणीत आवडीपेक्षा ओळखच जास्त मोजली जाते. ओळख व्हायची तर कुणीतरी ते गाणं आधी लावायला हवं. ब्रिटिश बँड क्वीनचं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ १९७५ मध्ये जवळपास सहा मिनिटांचं होतं आणि रेडिओसाठी फार लांब समजलं जात होतं. लंडनच्या कॅपिटल रेडिओवर निवेदक केनी एव्हरेटने ते दोन दिवसांत १४ वेळा लावलं, आणि लोक दुकानात मागायला लागले.

हेच मी कुडाळला डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, पाहिलंय. बुवांनी रूपाचा अभंग जुन्या चालीत म्हटला, मंडप डोलत होता. मग गजराला अगदी नवी चाल धरली. पहिल्या फेरीला कोरस मागे पडला, झांजा चाचपडत होत्या. तिसऱ्या फेरीला मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांच्या टाळ्या सुरू झाल्या. बुवांनी पहिल्याच फेरीवर चाल सोडली असती तर?

मात्र नुसतं नवंच लावा, असंही मी म्हणणार नाही. १९५२ च्या सुमारास आकाशवाणीने चित्रपटगीतांना कात्री लावली, तेव्हा श्रोते सरळ रेडिओ सिलोनकडे गेले. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. श्रोत्याला ओळखीचं गाणं लागतंच. म्हणूनच जाणते लोक नवं गाणं दोन ओळखीच्या गाण्यांच्या मध्ये बसवतात.

‘कॉम्प्युटर निवडतो.’ तो फक्त क्रम लावतो. कुठलं गाणं कुठल्या गटात, दिवसातून किती वेळा आणि किती तासांनी पुन्हा, हे नियम स्टेशनवर गाणी ठरवणारा माणूस, म्हणजे म्युझिक डायरेक्टर किंवा प्रोग्रॅम डायरेक्टर, घालून देतो. त्याने नव्या गाण्याला पहाटे तीनची वेळ दिली, तर तो निर्णय माणसाचाच.

आणि सगळी स्टेशनं एका मापाची नसतात. क्लासिक रॉक स्टेशनचं कामच जुनं वाजवणं आहे. अमेरिकेत ज्यांना अ‍ॅक्टिव्ह रॉक म्हणतात त्या स्टेशनांवर नवं गाणं दिवसातून कितीतरी वेळा लागतं. मेसेज पुढे ढकलण्याआधी असं एक स्टेशन आठवडाभर ऐका. पहिल्या दिवशी काही आवडलं नाही तरी बंद करू नका, तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यातलं एखादं तुम्ही गुणगुणत असाल.