निवतीच्या पुळणीपर्यंत गाडी कशाला?

निवती किल्ल्याच्या पायथ्याशी खडकांमध्ये दडलेल्या छोट्या पुळणीपर्यंत, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यापर्यंत, गाडी गेलीच पाहिजे, हा बाळाशेठचा आग्रह आमच्या वेंगुर्ल्याच्या कट्ट्याला नवा नाही. परवा मात्र त्यांनी मोबाईलवर गोव्याची छायाचित्रे दाखवत रस्ता, संरक्षक भिंत, वाहनतळ आणि दिव्यांच्या माळा असा सगळा आराखडाच मांडला, तेव्हा आबांनी चहाचा पेला खाली ठेवला.

"शेठ, तुम्ही पुळण पाहता ती जानेवारीत. पावसाळ्यात उधाणाच्या लाटा तिथली वाळू ओढून पाण्याखाली नेतात आणि समुद्र शांत झाला की तीच वाळू हळूहळू परत येते. दोन खडकांच्या मध्ये आहे तेवढीच तिची पुंजी. तिथे भिंत घातलीत, तर लाट भिंतीवर आपटून पायथ्याची वाळू उपसणार. रत्नागिरीजवळ मिऱ्याला समुद्र अडवायच्या बंधाऱ्यावर किती दगड ओतले, ते आठवा."

आयुष्यभर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मासेमारीचे मोठे जाळे, ओढलेल्या माणसाचे हे निरीक्षण आहे आणि मला ते शब्दन् शब्द पटते.

मास्तरांनी 2019 च्या किनारा नियमन अधिसूचनेची आठवण करून दिली: विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नवे बांधकाम सहसा करता येत नाही. त्यावर शेठ म्हणाले, "नियमातून वाट काढता येते." मग विषय कासवांवर गेला. अंड्यातून रात्री बाहेर पडणारी ऑलिव्ह रिडलेची पिल्ले उजेडाच्या दिशेने चालतात; किनाऱ्यावर दिवे असले तर ती समुद्राऐवजी जमिनीकडे वळतात, हे मास्तर समजावत असतानाच शेठ उसळले, "कासवे काय हॉटेलचे बिल भरणार आहेत?"

"रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला जाऊन विचारा," आबा म्हणाले. "कासवांची पिल्ले पाहायला आलेले पाहुणे तिथे गावकऱ्यांच्या घरी राहतात, जेवतात आणि पैसे मोजतात. त्यासाठी पुळणीवर हॉटेल बांधावे लागले नाही."

पाट्या डोक्यावर घेऊन चढणीची घाटी चढणाऱ्या बायकांसाठी दगडी पायऱ्या नीट कराव्यात, एवढे आबांनाही मान्य होते, आणि माझ्या मते या चर्चेतली खरी निकड तीच आहे. पण शेठना पायऱ्या नकोत. "माझे गुडघे उतरू देत नाहीत हो!"

"रापण लागली की वाटा न्यायला सर्वांत आधी खाली कोण पोहोचायचा?" आबांनी विचारले. शेठसकट सगळा कट्टा हसू लागला, आणि त्या दिवशीच्या चहाचे पैसे शेठनीच दिले.